ओबी नंबर तीन

हा डोंगर मी टाकला आहे.
एकट्यानं नाही. तीन पाळ्या, चौदा डंपर,
पण रात्रीचा बराचसा माझा.
उमरेडच्या खाणीतून वर येणारी खेप न् खेप
टाइमकीपर वाघाडे रेघ मारून वहीत धरायचा,
पाच रेघांची एक मोळी.
मोळ्या मोजत मोजत मी पोरीचं लग्न केलं.

कोळशाच्या डोक्यावर जे काही असेल
ते सगळं आमच्या भाषेत ओबी.
काळी माती पहिल्यांदा निघाली, ती गेली तळाला.
तळचा दगड शेवटी निघाला, तो बसला शेंड्यावर.
उन्हात गादी पालथी घालावी
तसा पालथा मुलूख.

खाण संपल्यावर कंपनीनं फीत कापली.
पाचशे गुलमोहर, पाचशे सुबाभूळ,
प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाला बांबूचा पिंजरा.
दुसऱ्या मे महिन्यात पिंजरे तेवढे उभे होते.
मग साहेब बदलला, टँकर बंद झाला,
मीही रिटायर झालो.

आज गुडघ्यावर हात ठेवत चढलो.

आधी रुई.
जिथं टायर घसरायचे त्याच वळणावर,
राखेसारखी पानं, तोडलं तर दूध.
एक बोंड उकललेलं होतं.
आत बिया खवल्यांसारख्या एकीवर एक,
भोंग्याची वाट बघत गेटशी दाटलेली पाळी.
चैताचा वारा आला
आणि गेट उघडलं.

त्याच्या वर वाळका तरोटा, शेंगा खुळखुळत.
मग येरोणी, काट्यांसकट
धोतर धरून बसवणारी.
मग उताराची एक अख्खी बाजू रायमुनियानं गिळलेली,
तिथं वाट नाही, गवताचं पातं नाही,
बकरीही तोंड लावत नाही.

रेवंता कुमरे धायटी तोडत होती,
सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात लाल फुलं,
भिवापूरच्या व्यापाऱ्याला किलोवर.
विचारलं, हे कोणी लावलं?
हात न थांबवता म्हणाली,
"लावाले कोन येते जी इथं?
कोल्हा हागते तिथं येरोनी,
बुलबुल हागते तिथं रायमुनिया.
तरोटा माह्या बकऱ्यायच्या खुरानं आला.
अन् धायटी?
तिचं बी त मिठाहून बारीक. तिले कोन पाह्यते?"

पाण्यानं कापलेल्या घळीच्या ओठावर
धायटीचं एक झुडूप अर्धं हवेत लटकलं होतं.
निम्मी मुळं उघडी, निम्मी दगडात,
आणि तेवढाच भाग ढासळला नव्हता.
मी खाली वाकलो.
मुळानं पाटीसारखा दगड फोडला होता, दोन फाकांत,
आतल्या बाजूला पान.
पान म्हणजे ठसा.
मधली शीर, तिला फुटलेल्या बारीक शिरा,
जिभेसारखा आकार.
असलं झाड मी कुठं बघितलेलं नाही.
रेवंतानं बघितलं. तिनंही नाही.

हे मीच वर आणलं असणार,
एखाद्या पहाटे, तंबाखू मळत,
पस्तीस टनांत न दिसता.
वाघाडेनं रेघ मारली असेल.

दगड खिशात घालावासा वाटला.
पण मूळ त्याला धरून होतं.
राहू दिला.

साडेचारची नागपूर बस मिळाली.
पाचगाव गेलं, विहीरगाव गेलं,
तेव्हा शेजारची पोरगी हसली,
"काका, दुपट्ट्यात म्हातारी अडकली."
रुईचं एक बी, पांढऱ्या केसांसकट,
माझ्या घामाला चिकटून चाळीस किलोमीटर.
ती काढायला गेली. मी म्हटलं, असू दे.

दिघोरी नाक्याला उतरून
पुलाखाली दुपट्टा सोडून पाहिला.
नव्हतं.
समोर मेट्रोवाल्यांनी खोदून ठेवलेला मुरमाचा ढीग होता,
पिवळा, ताजा,
टायरांच्या खुणा अजून ओल्या.